काटकसर कशाला म्हणायचं

आई, तुझ्या एका शब्दावरून या आठवड्यात घरात भांडण झालं. माझं आणि तुझ्या नातवाचं. त्याला तू पाहिलं नाहीस, तू गेलीस त्यानंतर काही वर्षांनी तो झाला, आणि तुझं जे काही त्याच्यापर्यंत पोचलं ते माझ्या तोंडून. त्यातलाच हा एक शब्द. तसा साधाच आहे, काटकसर. तुझे जावई गेल्यापासून या हिंदी मुलखात घरी मराठी बोलायला आम्ही दोघंच उरलो, त्यातही तो अर्धं हिंदीत बोलतो, पण हा शब्द तो मराठीतच ठेवतो, कारण याला हिंदीत नेमकं काय म्हणायचं ते त्याला माहीत नाही. खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही. भांडण कशावरून झालं ते सांगते, पण आधी आमचं काय चाललंय ते सांगायला हवं, नाहीतर तू मधेच विचारशील, "काहून व, एवढी तणतण कायले?"

गोहलपूरच्या ज्या गल्लीत तू कटिंगला जायचीस, तिच्या मागच्या गल्लीत माझा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, वर पत्रे, खाली एक लांब खोली, भिंतीला लागून शिलाईच्या मशिनी आणि मधोमध कटिंगचं टेबल. चार बाया कामाला आहेत. सलवार-सुटांचं काम आता मोठ्या लोकांच्या हातात गेलं, आम्ही शाळांचे युनिफॉर्म शिवतो. कमानिया गेटजवळ एक सेठ आहे. कापड तो देतो, आम्ही कापून, शिवून, इस्त्री करून माल परत करतो. शाळा उघडण्याआधीचे महिने हेच आमचं पीक. तेव्हा जे हातात पडतं त्यावर बायांचं उरलेलं वर्ष निघतं, आणि माझंही. या वर्षी सेठनं बोलावलं, चहा पाजला, तेव्हाच मला शंका आली. हा माणूस उगाच चहा पाजत नाही. म्हणाला, "दीदी, दाब कम करो. साइड में आधा उँगल, नीचे एक उँगल, बस. इतना कपड़ा अंदर छुपा के क्या करना है? आजकल कौन सिलाई खोल के बच्चों के कपड़े बड़े करता है? छोटा हुआ, नया ले लिया."

दाब म्हणजे तू जिला माया म्हणायचीस ती. शिवणीच्या आत जे जादाचं कापड राहतं ते. पोरगं वाढतं, पँट घोट्याच्या वर जाते, मग त्याची आई खालची दुमड उसवते, बाजूची शिवण थोडी सोडते, आणि तीच पँट आणखी एक वर्ष चालते. आपल्या चाळीत सगळ्या पोरांच्या पँटींना खाली एक गडद पट्टा असायचा, जिथं कापडाला ऊन लागलेलं नसायचं. सेठला ते आतलं कापड हवंय. एका पँटीतलं फार नसतं, पण हजारो नगांत त्याचे तागेच्या तागे, थानंच्या थानं निघतात. मी म्हटलं, विचार करून सांगते. तो म्हणाला, करा, पण लवकर करा, दुसऱ्या कारखान्यानं हो म्हटलेलंच आहे.

घरी येऊन मी भांडी आपटायला लागले. पोरगा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "आई, इतकं काय आहे याच्यात? तूच सुबह से शाम काटकसर काटकसर करते. सेठ पण तेच सांगून राहिला ना. कपडा वाचला, भाव टिकला, ऑर्डर आपल्याकडं राहिली. ही काटकसरच तर झाली." मी म्हटलं, ही काटकसर नाही. तेव्हा त्यानं मान वर केली. "मग काय असते काटकसर? बता ना." तो चिडवत नव्हता गं, खरंच विचारत होता. आणि मला सांगता येईना. जो शब्द मी दिवसातून दहा वेळा तोंडातून काढते, पंखा बंद करताना, साबणाची चकती नव्या वडीला चिकटवताना, त्याचा अर्थ विचारल्यावर मी खांबासारखी उभी. मग मी ओरडले. ही सवयही तुझ्याकडूनच आली आहे, उगाच साळसूद बनू नकोस.

तेव्हापासून मी आठवत बसले आहे की तू हा शब्द कुठं कुठं वापरायचीस. बाबा गेल्यानंतरची ती एका खोलीची जागा. बाबा फॅक्टरीत होते, पण ठेकेदाराच्या माणसांत, त्यामुळे ते गेल्यावर ना क्वार्टर राहिलं ना पेन्शन आली. खोलीच्या कोपऱ्यात रॉकेलचा स्टो, आणि त्याच्यापुढे तू पाटावर बसलेली. डाळ तू सकाळीच भिजत घालतेस, म्हणजे स्टो कमी जळतो. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर परतून त्याची चटणी करतेस, आणि ती इतकी चांगली होते की पुढं पुढं मी चटणीसाठी दोडकं आणायचा हट्ट करते, मग तू म्हणतेस, चटणीसाठी भाजी आणायची म्हणजे काटकसरीचं तोंडच वाकडं झालं. पोळ्या झाल्या की तव्याच्या उरलेल्या धगीवर दूध ठेवतेस. या सगळ्याला तू काटकसर म्हणायचीस, आणि म्हणताना तुझ्या आवाजात बिचारेपणा नसायचा. उलट थोडी ऐट असायची. एखादं अवघड काम जमलेल्या बाईची असते तशी.

समोरची भाभी तुला हसत हसत कंजूस म्हणायची. मला ते लागायचं, तुला नाही लागायचं. एकदा तू तिला दारात उभी राहून समजावलंस, तुझ्या त्या हिंदीत, जिच्यात क्रियापदं मराठी वळणानं यायची. "कंजूस नहीं भाभी, काटकसर." ती म्हणाली, वो क्या होता है? तू म्हणालीस, "कंजूस के पास होता है तो भी खाता नहीं. हमारे पास जितना है, उतने में हम पूरा खाते." भाभीला पटलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवसानंतर तीही म्हणायला लागली, आज काटकसर से चलाना पड़ेगा. आणि आता माझ्या कारखान्यातल्या बाया, ज्यांना मराठीतलं बाकी काही येत नाही, त्याही म्हणतात, "दीदी, ये थान काटकसर से निकालना." तुझा शब्द त्यांच्यात राहून गेला आहे. मराठी माझ्या पोरापर्यंत पुरी पोचली नाही, पण गोहलपूरच्या गल्लीत हा एक शब्द बिनामराठीचा फिरतो आहे, याचं मला हसूही येतं आणि भरूनही येतं.

एक दिवस मात्र नीट आठवतो, कारण त्या दिवशी तू मला बोलली होतीस. तीच भाभी आली होती. दूध थोडंच होतं. मी चहा ठेवला, मनानंच पाणी वाढवलं, आणि तुला डोळ्यांनी खूण केली की बघ कसं निभावलं. भाभी चहा पिऊन गेली. मला वाटलं, आता तू शाबासकी देशील. तू कप उचलून मोरीत ठेवलास आणि म्हणालीस, "हे काय केलं तू?" मी म्हटलं, काटकसर केली. "आपण बिनदुधाचा पितो, ते काटकसर. तिले तू पाणी पाजलं, अन् सांगितलं बी नाही. दूध नोहतं त सांगाचं होतं, भाभी, दूध नाही आज, काळा चालते का. तिनं काय मारलं असतं तुले?" मी रडले. तू मला जवळ घेतलं नाहीस, पण दुसऱ्या दिवशी भाभीला बोलावून दुधाचा, आलं घातलेला चहा माझ्याच हातून करवलास.

आणि तुझं कटिंग. तुझ्यासाठी डबा घेऊन यायचे तेव्हा मी दारात उभी राहून बघायचे. तू टेबलावर कापड पसरायचीस आणि खडू हातात न घेता नुसती बघत राहायचीस. बाकीचे मास्टर तोवर दोन सूट कापून मोकळे व्हायचे, आणि तुला हसायचे, कारण बाई कटिंग करते हेच त्यांना खटकायचं. मग तू मापांचे पुठ्ठे, फर्मे, ठेवायला लागायचीस. मोठ्या मापाच्या गळ्यातून जो गोल तुकडा निघतो तिथं लहान मापाची बाही, बाह्यांच्या मधल्या खाचेत खिसा, एक उलटा, एक सुलटा, पण छपाईची फुलं कुठंही डोक्यावर उभी नाहीत. शेवटी एक सलग तुकडा उरायचा. तो तू घडी करून कापलेल्या मालावर ठेवायचीस, सेठला दिसेल असा. मी विचारलं होतं, आपण घेतला तर काय होईल, सगळेच घेतात. तू म्हणालीस, "थान त्याचं आहे. कपडा वाचवला मी, पण कपडा माझा नाही." आणि मापाला तू कधी हात लावला नाहीस. बोटभर म्हणजे बोटभर माया, तीही तुझ्या जाड्या बोटाची.

नाहीतर असं वाटेल की तू सारखी हात आखडून जगलीस. माझा बोर्डाचा निकाल लागला त्या दिवशी तू मला कमानिया गेटला घेऊन गेलीस. खोव्याची जिलबी, काळीभोर, गरम, पाकात बुडालेली. मी तुझीच मुलगी, म्हटलं, एकीतच दोघी खाऊ. तू म्हणालीस, "आज काटकसर नाही. बसून खाय." आणि तू तुझ्यासाठी वेगळी घेतलीस. माझ्या पानातला घास नाही, आख्खी, स्वतःची. ती संपवून आणखी एक घेतलीस, आणि बोटांना लागलेला पाक चाटून मग पदराला हात पुसलास. लोक आयांच्या गोष्टी सांगतात तेव्हा त्यातल्या आया कधी जिलबी खात नाहीत, लेकरांना देऊन पाणी पितात. तू खायचीस. मला तुझं ते फार आवडतं, आणि ते तुला मी कधी सांगितलं नाही.

आता दुसरी गोष्ट सांगते. निकालानंतर मी सिव्हिल लाइन्समधल्या एका टायपिंगच्या क्लासला जायला लागले होते. फी तुझ्या कटिंगमधून जायची. क्लासच्या वाटेवर जुने बंगले, मोठाली झाडं आणि बंगल्यांमधून बसलेल्या कचेऱ्या. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, आतून मशिनींचा टकटक आवाज. मी चालता चालता एक खिडकी स्वतःसाठी निवडून ठेवली होती. त्याच हिवाळ्यात लगीनसराईच्या सुटांचा मोठा माल आला, आणि तेव्हाच्या सेठनं तुला हेच सांगितलं, जे आजचा सेठ मला सांगतो आहे. माया कमी कर. तू नाही म्हणालीस. तो म्हणाला, मग दुसरा मास्टर बघतो. तू कात्री टेबलावर ठेवलीस, चप्पल घातलीस आणि घरी आलीस. घरी येऊन तू ही गोष्ट भाभीला सांगितलीस, आणखी दोघी-तिघींना सांगितलीस, आणि प्रत्येक वेळी तुझी मान थोडी ताठ व्हायची. मलाही तुझा अभिमान वाटला. महिनाभर वाटला.

मग फीची तारीख आली. आपल्या खोलीत जी जुनी मशीन होती तिच्यावर तू मला बसवलंस, शेजारपाजारचे परकर, उशांचे अभ्रे, फॉल-पिको. रागावून नाही, समजावूनही नाही. बसवलंस, एवढंच. मी तेव्हापासून मशीनवर आहे. मी चांगली टायपिस्ट झाले असते का, कोण जाणे. टायपिंगच्या मशिनीही आता कुठं राहिल्यात. माझं काही वाईट झालं नाही, चार बायांना काम देते, पोराला शिकवलं. पण आई, तू मला विचारलं नाहीस. काम सोडण्याआधी नाही आणि क्लास सोडवण्याआधीही नाही. माझी अठरा वर्षांची अक्कल तुला कामाची वाटली नसेल, पण जे जाणार होतं ते माझं होतं. मला तेव्हा तुझा राग आला होता, आणि खरं सांगते, तो पूर्ण गेलेला नाही. तुझी आठवण येते तेव्हा तो तुझ्याबरोबरच येतो, आणि तुम्ही दोघं बसून राहता.

म्हणून या वेळी मी विचारायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद करायला लावल्या आणि चौघींना समोर बसवलं. सगळं सांगितलं. सेठ काय म्हणतो, हो म्हटलं तर काय, नाही म्हटलं तर काय. म्हटलं, मी मालकीण आहे म्हणून माझंच खरं असं नाही, काम तुमचंही जाणार आहे. मग सगळ्यात जुनी जी आहे, ती तुला आठवेल, नवीन लग्न होऊन आली होती आणि तुझ्या त्या सेठच्या कारखान्यात काज-बटन करायची, आता तिचे केस पांढरे झाले, ती म्हणाली, "अम्मा होतीं तो मना कर देतीं." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मना किया था. हमें याद है. अम्मा कैंची रख के चली गईं, और उनके पीछे सेठ ने हम सबको भी बोल दिया कि अब मत आना. पूरा जाड़ा हमने बीड़ी बनाई, दीदी. तंबाकू से खाँसी लग गई थी, सास अलग सुनाती थी." ती पुढं म्हणाली, "अम्मा बहुत अच्छी थीं. पर हमसे किसी ने पूछा नहीं था."

आई, मी हे कधी ऐकलं नव्हतं. ती इतकी वर्षं माझ्याकडं कामाला आहे, माझ्या घरच्या लग्नामुंजीत पुढं होऊन पोळ्या लाटते, आणि तिनं हे कधी काढलं नाही. मी आजवर समजत होते की तुझ्या त्या नाहीची किंमत एकट्या मी दिली. मी तुझ्यावर रुसून बसले होते तेव्हा दोन गल्ल्या सोडून एक नवी सून बिड्या वळत होती, आणि तिच्या मनातही तुझ्याबद्दल तेच होतं जे माझ्या मनात होतं. तुला हे कळलं होतं का? तुझ्या कानावर गेलं असेल आणि तू गप्प राहिली असशील, की तुला खरोखर माहीतच नव्हतं? मला दुसरं खरं असावं असं वाटतं.

चौघींतली सगळ्यात लहान, तिचा मुलगा अशाच एका शाळेत आहे जिचा माल आम्ही शिवतो. मी तिच्याकडं बघितलं तर ती हसली. "हाँ दीदी, मेरे लड़के की पैंट भी इसी ढेर में से आएगी. जुलाई तक ऊँची हो जाएगी, ऐसे बढ़ रहा है. फिर भी काटो. काम रहेगा तो पैंट दूसरी ले लेंगे. काम नहीं रहेगा तो पूरे दाब की पैंट भी कहाँ से लेंगे?" बाकीच्या दोघींनी माना हलवल्या. कोणी खूश नव्हतं, पण चौघींचं मत एक होतं. मग त्यांनी डबे उघडले आणि एकीनं लोणचं सगळ्यांना वाढलं.

तरी मी एक प्रयत्न केला, तुझ्या रीतीनं. थान पसरलं आणि खडू न घेता बघत बसले. पहिलीच्या मुलांचे फर्मे आठवीच्या पँटींच्या आसनाच्या वळणात बसवले, कमरेचे पट्टे काठाकडं नेले, उलटसुलट करून पाहिलं. बरंच कापड वाचलं. सेठला हवं होतं तेवढं नाही, पण निम्म्याच्या वर. ते फर्मे तसेच मोठ्या कागदावर काढून मी कमानिया गेटला गेले आणि त्याच्या गादीवर पसरले. म्हटलं, दाबाला हात न लावता इतकं निघतं, बघा. त्यानं मन लावून बघितलं. माणूस धंद्याचा आहे, त्याला कळलं मी काय केलं ते. म्हणाला, "वाह दीदी, ये तो कमाल है." मला वाटलं, जिंकले. मग म्हणाला, "तो ऐसा करो, ये भी करो और वो भी करो." मी परत येताना रिक्षात एकटीच हसत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता. तू असतीस तर कागद गुंडाळून निघाली असतीस. मी बसून राहिले. खालच्या दुमडीवरून तासभर भांडले, रडकुंडीला आणला त्याला, आणि खाली एका बोटाऐवजी दोन बोटं कबूल करून घेतली. बाजूच्या शिवणीचं मात्र त्यानं काही ऐकलं नाही. मग मी हो म्हटलं.

पोराला कळलं तसा तो खूश झाला. "चलो, हो गया. बघ, शेवटी काटकसरच केली ना आपण." मी म्हटलं, "करून राहिले मी हे. पण याला काटकसर म्हणायचं नाही. या घरात तर नाहीच." तो म्हणाला, मग काय म्हणू? म्हटलं, धंदा म्हण, मजबुरी म्हण, तुझ्या त्या लॅपटॉपमध्ये काय शब्द असेल तो म्हण, पण आजीचा शब्द याला लावायचा नाही. या वेळी मी ओरडले नाही, म्हणून असेल, त्यानं लॅपटॉप मिटला. मी त्याला भाभीच्या चहाची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे समोरच्याला सांगून केलं तर काटकसर, नाही सांगितलं तर नाही?" मी म्हटलं, तसंच काहीतरी असेल, आजीनं व्याख्या करून नव्हती ठेवली. तो म्हणाला, "तर मग लेबल लावू ना आपण. पँटीवरच. इसमें दाब कम है." आम्ही दोघंही हसलो. सेठचा चेहरा कसा होईल त्याची त्यानं नक्कलही करून दाखवली. मला त्या दिवशी माझा पोरगा आवडला. तुलाही आवडला असता.

दोन दिवस झाले, कटिंग सुरू आहे. बाया नेहमीसारख्या बोलत-हसत काम करताहेत. मी मात्र टेबलापाशी असते तेव्हा दाराकडं पाठ करून उभी राहते, कारण नाहीतर मला सारखं वाटतं की तू डबा खायला म्हणून आत येशील आणि थप्पीची कड बोटानं चाचपून बघशील. आज रविवार, कारखाना बंद आहे, म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठं हा प्रश्न नाहीच. पोरगा मराठी वाचताना अडखळतो, तोही एवढं मोठं वाचायच्या भानगडीत पडणार नाही. वाचून तुला वाईट वाटावं म्हणून मी लिहिलं नाही, आणि तू मला बरोबर म्हणावंस म्हणूनही नाही. तू म्हणणार नाहीस, मला माहीत आहे. पण तू नाही म्हणालीस तेव्हा बाकीच्यांना विचारलं नाहीस, आणि मी विचारलं, एवढं तरी माझ्या बाजूनं आहे असं मी काल दिवसभर स्वतःला सांगत होते.

फक्त एक गोष्ट तुला सांगायची राहिली. आमच्याकडच्या चौघींच्या मुला-नातवंडांचे युनिफॉर्म मी काल वेगळे कापले. सेठच्या थानातून नाही, बाजारातून मी स्वतः तसंच कापड आणलं. बाजूला बोटभर माया, खाली चार बोटं, तुझ्या मापानं. बायांना त्यातलं काही बोलले नाही, नुसते गठ्ठे हातात दिले, आणि त्या समजायचं ते समजल्या. बाकीच्या मुलांच्या आयांना मी विचारलं नाही.